रणपिसेसाहेबांचा स्क्रम

रणपिसेसाहेबांचे दोन्ही कान मोडलेले होते. वरच्या पाळ्या दुमडून, सुजून तशाच कायमच्या घट्ट झालेल्या. मुंबईत लोक अशा कानांकडे पाहून नजर चुकवत असतील, पण फरिदाबादला त्यांचा फार उपयोग झाला. वर्क्स मॅनेजर म्हणून ते आमच्या कारखान्यात पहिल्या दिवशी आले, तेव्हा गेटवरचा चौकीदार खुर्चीतून उठला आणि "राम राम, पहलवान जी" म्हणाला. हरियाणात मोडलेला कान म्हणजे आखाड्यात मिळवलेली पदवी. दुपारपर्यंत मशीन शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की महाराष्ट्रातून पहिलवान मॅनेजर आलाय आणि त्याच्याशी जपून राहायला हवं.

ते पहिलवान नव्हते. रग्बी खेळायचे. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, वडील मुंबईत एका क्लबच्या मैदानावर माळी होते. संघाला पंधरा माणसं लागतात. एखाद्या शनिवारी चौदाच आली, की माळ्याच्या या दांडग्या मुलाला आत घ्यायचे. असं कमी पडलेल्या माणसाच्या जागी खेळता खेळता तो त्या संघाचा कायमचा प्रॉप झाला. रग्बीत दोन्ही बाजूंची आठ-आठ माणसं एकमेकांना धरून, डोकी खाली घालून समोरासमोर भिडतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात सगळ्यांत पुढच्या रांगेत दोन टोकांना प्रॉप असतात. "प्रॉप म्हणजे टेकू," ते सांगायचे. "टेकूला कोणी हार घालत नाही. तो काढला की मगच कळतं, बापटबाई."

बापटबाई म्हणजे मी. त्या कारखान्यात मी कॉस्टिंगला होते. गाडीच्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट बनवायला पोलाद, वीज, तेल, मजुरी मिळून किती खर्च येतो, ते काढणं माझं काम. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, दिल्लीत आर. के. पुरमचं क्वार्टर, आणि रोज सकाळी चार्टर्ड बसने मथुरा रोडवरून फरिदाबाद. कारखान्यात मराठी बोलणारी आम्ही दोघंच. त्यामुळे जे हिंदीत कोणाला सांगता येत नसे ते साहेब मला सांगायचे, आणि त्यातलं पुष्कळसं रग्बीचं असायचं.

पहिलवान असल्याचा गैरसमज त्यांनी दूर करायचा प्रयत्न केला, पण तो कोणी मनावर घेतला नाही. आमचा फोरमन रामफल बल्लभगढच्या पलीकडच्या एका गावचा. त्याने त्यांना गावच्या दंगलीला, म्हणजे कुस्त्यांच्या फडाला, प्रमुख पाहुणा म्हणून नेलं. साहेब सारखे सांगत होते, "भाई, मेरा खेल दूसरा था." रामफलला तो विनय वाटला. मग काय झालं ते सोमवारी कँटीनमध्ये रामफलनेच सगळ्यांना सांगितलं, साहेब शेजारी बसून डाळ खात असताना.

"गाँव के लड़के बोले, चाचा, एक हाथ दिखा दो. साब नै मना करा. लड़के मान्नै कोन्या. साब कोट उतार के उतर गए. मैं तो छाती फुलाए खड़ा था, मेरा साब सै! अर लड़के नै न्यूं उठाया, अर न्यूं धरया."

"कितनी देर में?" कोणीतरी विचारलं.

"हाथ मिलाया था, बस."

सगळं कँटीन हसलं. साहेबही हसले. म्हणाले, "मैंने पहले ही बोला था. पर रामफल, उठाया किसने? सबसे पहले हाथ किसने दिया?"

"उसी लड़के नै."

"बस. वो लड़का मेरा खेल भी खेल सकता है."

त्यांचे हे असे निष्कर्ष असायचे. खेळात कोण जिंकलं हे ते फारसं विचारत नसत. पडलेल्याला कोणी उठवलं, हे विचारायचे.

रग्बीचे काही नियम त्यांनी कारखान्यात आणले होते, आणि ते रग्बीचे आहेत हे बहुतेकांना माहीत नव्हतं. त्यातला पहिला, पंचाशी वाद घालायचा नाही. रग्बीत पंचाशी हुज्जत घातली तर तुमच्या संघाला दहा यार्ड मागे जावं लागतं. गाड्यांच्या कंपनीचा इन्स्पेक्टर माल तपासायला यायचा. एकदा त्याने एक अख्खा लॉट नापास केला आणि रामफलने आवाज चढवला. साहेब शांतपणे म्हणाले, "रामफल, दस कदम पीछे." रामफलला कळेना. "पीछे. दस." तो पावलं मोजत मोजत मागे गेला आणि ग्राइंडिंग मशीनला टेकून उभा राहिला. तिथून त्याला काही ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे भांडणही करता येत नव्हतं. इन्स्पेक्टर आधी गोंधळला, मग हसला, मग साहेबांबरोबर बसून कुठल्या शाफ्टमध्ये काय चूक आहे ते नीट दाखवायला लागला. अर्ध्याहून अधिक माल दुरुस्त करून पास झाला. त्या दिवसानंतर शॉपमध्ये कोणी तावातावाने बोलायला लागलं, की दुसरा ओरडायचा, "ओए, दस कदम!"

दुसरा नियम जास्त गंभीर होता. रग्बीत चेंडू हाताने पुढे देता येत नाही. लाथेने पुढे मारता येतो, पण हाताने द्यायचा तर मागच्याला. स्वतः पुढे पळायचं आणि चेंडू मागे द्यायचा. म्हणून पळणाऱ्याला सतत माहीत असावं लागतं, की आपल्या मागे कोण आहे. रोज सकाळी राउंडला निघाले, की ते कुठल्याही एका कामगारापाशी थांबून विचारायचे, "पीछे कौन है?" म्हणजे उद्या तू आला नाहीस तर हे मशीन कोण चालवेल? उत्तर देता आलं नाही, तर त्या आठवड्यात शेजारच्याला ते काम शिकवायचं.

युनियनला यात नोकरकपातीची चाहूल लागली. एका मशीनवर दोघं तयार झाले की एकाला घरी बसवायचं, असा तो डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कारखान्या-कारखान्यांतून असंच चाललं होतं, त्यामुळे त्यांची भीती अवाजवी होती असं मी म्हणणार नाही. साहेबांनी भाषण दिलं नाही. पुढच्याच शनिवारी त्यांनी रामफलला बोलावून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, फोन त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आज से शनिवार को मेरा काम तू करेगा. गलती करेगा तो बताऊंगा." रामफल दहावी पास. पहिल्या शनिवारी फोन वाजला की तो उठून उभा राहायचा. तीन-चार महिन्यांत तो बसून बोलायला लागला आणि युनियनचं बोलणं बंद झालं.

मला त्यांचा स्क्रम प्रत्यक्ष दिसला तो एका जुन्या ग्राइंडरमुळे. ते अवजड मशीन लोखंडी नळ्यांवरून सरकवत नव्या पायावर न्यायचं होतं. वीसेक माणसं लागली होती, 'जोर लगा के' चालू होतं आणि मशीन जागचं हलत नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. आठच माणसं ठेवली, बाकीच्यांना बाजूला काढलं. त्या आठांना दोन रांगांत उभं केलं, मागच्यांचे खांदे पुढच्यांच्या कमरेला. "कोई नहीं बोलेगा. मैं बोलूंगा. मेरे बोलने से पहले जो धक्का देगा, वो बाहर." मग काही क्षण तिथे इतकी शांतता होती की मला पंख्याचा आवाज ऐकू आला. ते म्हणाले, "अब." मशीन हातभर सरकलं.

"ताकद वीस जणांची जास्त होती," ते मला म्हणाले. "पण प्रत्येकाची वेगळ्या वेळी."

आता मुख्य गोष्टीकडे येते. बाहेरून माल आणणं तेव्हा दरवर्षी स्वस्त होत चाललं होतं आणि गुडगावच्या पलीकडे मानेसरला नवे कारखाने उभे राहत होते. आमच्या मालकांचे चिरंजीव परदेशात शिकून आले होते. त्यांना सगळे छोटे साहेब म्हणत. त्यांनी एक योजना मांडली. ज्या गाड्यांच्या कंपनीला आम्ही शाफ्ट पुरवत होतो, तिला आता सुटे भाग चार ठिकाणांहून गोळा करायचे नव्हते. अख्खा संच एकाच ठिकाणाहून हवा होता. तो आपण परदेशातून मागवू, मानेसरला एक शेड घेऊ, तिथे फक्त जुळवाजुळव आणि पॅकिंग करू. फरिदाबादचं मशीन शॉप बंद. मशीन शॉपमध्ये एकशे चाळीस माणसं होती.

हिशेब मला करायला सांगितला. मी केला. परदेशी किमतीत भाडं, जकात, गोदीतले दिवस, तीन महिन्यांचा साठा ठेवण्यात अडकणारा पैसा, आणि नापास माल परत पाठवता येत नाही त्याचं नुकसान, हे सगळं धरलं. छोट्या साहेबांनी सांगितला होता तेवढा फरक उरला नाही. पण तरीही बाहेरचा माल स्वस्तच पडत होता. मी तसं लिहून दिलं. रणपिसेसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, "आपला माल महाग कुठे होतो?"

मी सांगितलं, "आपल्या दारात कमी. दारांच्या मधे जास्त."

ते असं होतं. आमच्याच गल्लीत गुलाटींचा घडाईचा कारखाना होता. लाल तापलेल्या पोलादावर घण घालून ते शाफ्टचा कच्चा आकार करायचे. तो आम्ही मशीनवर कातायचो. मग भाटियांच्या भट्टीत तापवून, तेलात बुडवून तो कडक व्हायचा. ब्रॅकेट आणि नटबोल्ट सरदार सोढी करायचे. चार कारखाने, एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर. पण प्रत्येक जण माल तेल लावून पॅक करायचा, टेम्पोत चढवायचा, पुढचा तो उतरवून, पुसून, पुन्हा तपासायचा. शिवाय गुलाटी आणि भाटिया काही वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, भाटियांनी गुलाटींचा एक मिस्त्री फोडला म्हणून. त्यामुळे गुलाटी आपला वेगळा माल कडक करायला गाझियाबादला पाठवायचे, आणि यमुनेपलीकडून तो परत यायचा.

"मग चौघांनी मिळून एक संच द्यायचा," साहेब म्हणाले. "एकच दर, एकदाच पॅकिंग."

"ते चौघं एका खोलीत बसणार नाहीत," मी म्हटलं.

"खोलीत नाही बसणार. जेवायला बसतील."

रग्बीत सामना संपला की यजमान संघ पाहुण्या संघाला जेवू घालतो. ज्याने तुमचं नाक फोडलं त्याच्याच ताटात तुम्ही वाढता. हा रिवाज साहेबांनी गल्लीत आणला. दर रविवारी, चर्चमधून आल्यावर, त्यांच्या सेक्टरमधल्या छोट्या घरी चौघांचं जेवण. बाजरीच्या भाकरी आणि नगरी मटण, शाकाहारी भाटियांसाठी भरली वांगी. त्यांच्या पत्नी, सुमनताई, पहिल्या रविवारी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "बापटबाई, हे दोघं माझी भांडी फोडणार बघा."

गुलाटी अवाढव्य, मोठ्या आवाजाचे. भाटिया सडपातळ, शर्टाच्या खिशात कायम पाचक गोळ्या. पहिल्या जेवणाला गुलाटी सुमनताईंना म्हणाले, "भाभीजी, भाटिया साहब को बता दीजिए, नमक उनके पास रखा है."

भाटिया सुमनताईंनाच म्हणाले, "बता दीजिए, नमक के भी पैसे लगते हैं, कहीं मिस्त्री की तरह इसका भी इल्ज़ाम न लग जाए."

सुमनताईंनी मीठ उचलून दोघांच्या मधे ठेवलं आणि म्हणाल्या, "मुझे हिंदी कम आती है. आप लोग आपस में बोलो." त्यांना हिंदी उत्तम येत होती.

तिसऱ्या रविवारी ते थेट बोलायला लागले, म्हणजे भांडायला. साहेबांना तेवढं पुरे होतं. मोठ्या मालकांनी त्यांना तीन महिने दिले होते: "रणपिसे, तीन महीने. उसके बाद लड़के की चलेगी." चौघांनी आपापला खरा खर्च मला सांगायचा आणि मी फक्त बेरीज सगळ्यांसमोर मांडायची, असं ठरलं. एक अटही ठरली. कंपनीच्या खरेदी कचेरीत कोणी एकट्याने जायचं नाही.

पॅकिंग, टेम्पो, दुहेरी तपासणी काढून टाकल्यावर आमचा दर परदेशी मालाच्या अगदी जवळ आला. थोडा वरच, पण माल त्याच दिवशी मिळणारा आणि नापास झाला तर संध्याकाळी बदलून मिळणारा. साहेब प्रथमच मला उत्साहात दिसले. आणि त्याच आठवड्यात खरेदी कचेरीतून फोन आला. तिथला अधिकारी साहेबांना म्हणाला, "रणपिसे जी, आप चार लोग साथ आने वाले थे न? एक तो यहीं बैठे हैं."

भाटिया तिथे बसले होते. परदेशी शाफ्ट कच्चे मागवा, कडक मी करून देतो, स्वस्तात, असा त्यांचा एकट्याचा प्रस्ताव होता.

त्या रविवारी जेवण झालं नाही. गुलाटी, सोढी आणि आम्ही कारखान्यातच बसलो.

"मैंने कहा था!" गुलाटींनी टेबलावर हात आपटला. "बंदा ही ऐसा है. निकालो इसको. गाज़ियाबाद में भट्टियों की कमी है?"

सोढी म्हणाले, "रणपिसे साब, इस बार गुलाटी ठीक कह रहा है."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्क्रम कोसळतो कधी कधी. पंच शिट्टी वाजवतो. मग काय करतात माहीत आहे?" ते मराठीत बोलत होते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी हिंदीत सांगितलं, तेव्हा तेही हिंदीवर आले. "उन्हीं लोगों से दोबारा लगवाते हैं. नई टीम नहीं आती. वही आठ, वही आठ. फिर से."

"और फिर गिरा तो?"

"पहले ये देखना पड़ेगा कि गिरा क्यों."

ते भाटियांकडे निघाले आणि मला बरोबर घेतलं. भट्टी थंड होती. हे मी प्रथमच पाहत होते. ती भट्टी चोवीस तास पेटलेली असायची, कारण विझवून पुन्हा तापवायला फार तेल जळतं. कोपऱ्यात तीन-चार कामगार बसून होते. भाटिया उभे राहिले. आपण शिव्या खाणार अशा तयारीने त्यांनी आधीच सुरुवात केली: "रणपिसे साब, जो कहना है कह लो. मेरे पच्चीस आदमी हैं. ग्यारह दिन से भट्टी में कुछ नहीं पड़ा. आप लोगों की मीटिंग से भट्टी गरम नहीं होती."

साहेबांनी भट्टीच्या दारावर हात ठेवला. "गुलाटी का माल?"

"गाज़ियाबाद."

"सोढी?"

"वो भी. गुलाटी के ही टेम्पो में."

"हमारा?"

आमचा लॉट छोट्या साहेबांनी त्या महिन्यात थांबवून ठेवला होता. माल परदेशातूनच येणार, तर कशाला, म्हणून.

साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "प्रॉप स्वतःहून पडत नाही, बाई. मागच्यांनी जोर काढला की पडतो. आणि पंचाला मात्र तोच पडलेला दिसतो."

मग ते भाटियांना एवढंच म्हणाले, "भट्टी सुलगाओ. कल माल आएगा." त्यांच्याकडून माफी मागवली नाही, पुन्हा जाणार नाही असं वचनही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या मालकांच्या खोलीत जाऊन आमचा थांबवलेला लॉट सोडवला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. छोटे साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. गुलाटींना मनवायला तीन दिवस लागले. शेवटी आमच्या करारात दोन कलमं वाढली. पहिलं, गल्लीत होऊ शकणारं काम आधी गल्लीतच विचारायचं. बाहेर पाठवायचं तर बाकीच्या तिघांना सांगून. दुसरं, एकाकडे काम नसेल तेव्हा त्याच्या माणसांना घरी बसवायचं नाही; दुसऱ्याकडे पाठवायचं, पगार ज्याच्याकडे काम करतील त्याने द्यायचा. आमच्या शॉपमध्ये प्रत्येकाला शेजारचं मशीन येत होतं, त्यामुळे हे दुसरं कलम कागदावर राहिलं नाही. युनियननेही सही केली. रामफल म्हणाला, "साब, थम तै यो पहल्यां तै सोचे बैठे थे के?" साहेब म्हणाले, "नहीं रे. बस आदत थी."

एक गोष्ट उरली होती. कंपनीला चौघांच्या वतीने एकच माणूस हवा होता, काही बिघडलं तर ज्याला फोन करता येईल असा. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ते रणपिसेसाहेबच. त्यात मान होता, आणि चौघांनी मिळून द्यायचा भत्ताही होता. मी तर त्यांचं नाव टाइप करून ठेवलं होतं.

ते म्हणाले, "भाटिया."

गुलाटी खुर्चीतून अर्धे उठले. "ओ जी, किसको? जो भाग गया था उसको?"

"मैं पगार वाला आदमी हूं. छोटे साहब कल मुझे मानेसर भेज दें तो? गली में मेरी कोई भट्टी नहीं है." मग भाटियांकडे पाहत ते म्हणाले, "और जो एक बार नीचे दबा है, उसे मालूम है वज़न कहां आता है."

भाटियांनी खिशातली गोळी काढली आणि न खाता हातातच धरून ठेवली. मग गुलाटी म्हणाले, "ठीक है. पर फोन मेरे सामने उठाएगा." पंजाबी माणसाच्या तोंडून याहून मोठा समेट मी ऐकलेला नाही.

मानेसरला कंपनीच्या खरेदी कचेरीत अंतिम बैठक झाली तेव्हा हिशेबासाठी मी आत होते. साहेब आले होते, पण बाहेर स्वागतकक्षात बसून राहिले. खरेदी अधिकारी दोनदा म्हणाला, "रणपिसे जी को बुला लीजिए." भाटिया सुरुवातीला चाचरत होते. मग अधिकाऱ्याने विचारलं, की तुम्ही एकदा माझ्याकडे एकटेच आला होता, पुन्हा येणार नाही कशावरून? मला वाटलं, आता संपलं. भाटिया म्हणाले, "तब भट्टी ठंडी थी, साहब. अब जिनको मुझ पर भरोसा नहीं, वही उसमें माल डाल रहे हैं." अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि पुढचे प्रश्न तो त्यांनाच विचारत राहिला.

आम्हाला निम्मी ऑर्डर मिळाली. निम्मी परदेशातूनच आली. वर्षभरानंतर उरलेल्यातलीही बरीचशी आमच्याकडे वळली. मशीन शॉप बंद झालं नाही. सगळंच वाचलं असं मात्र मी लिहिणार नाही. चार ठिकाणचं पॅकिंग एका ठिकाणी आल्यावर कंत्राटी पॅकिंगवाल्यांपैकी नऊ जणांना काम उरलं नाही. पाच जणांना सोढींनी घेतलं, चौघं मानेसरला गेले. त्या चौघांची आठवण साहेब दर बैठकीत काढायचे; दोघं पुढे परत आले, दोघं नाही. छोट्या साहेबांची शेडही झाली, मानेसरलाच, वेगळ्या मालासाठी. ते साहेबांशी अखेरपर्यंत नीट बोलले नाहीत. साहेब मात्र दर रविवारच्या जेवणाचं आमंत्रण त्यांना पाठवायचे. ते एकदा आले, उभ्यानेच पाणी प्यायले आणि गेले. "आले ना," साहेब म्हणाले.

नंतर पाचेक वर्षांनी ते निवृत्त झाले. नगरला परत जायचं ठरलं होतं. निरोपाचं जेवण आदल्या रविवारीच झालं होतं. पगडी बांधून झाली होती, रामफल रडून झाला होता. शेवटच्या दिवशी त्यांनी काहीही करू दिलं नाही. कागद माझ्याकडे दिले, खुर्ची आत सरकवली, रामफलला त्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि हातात पिशवी घेऊन चालत निघाले. मी चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसले होते. बस गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, कारण रस्त्याच्या मधोमध भाटिया आणि गुलाटी भांडत होते.

भोवती दोन्हीकडची माणसं जमली होती. पुढच्या आठवड्यात भट्टीत आधी कोणाचा लॉट जाणार, यावरून ते भांडण होतं. भाटियांच्या हातात कागद, गुलाटींचा आवाज थेट बसमध्ये येत होता: "सोढी का पहले क्यों? मैं क्या बाहर का हूं?" साहेब त्या घोळक्यापाशी आले आणि थांबले. अशा वेळी ते नेहमी आत शिरायचे. मी वाट पाहिली. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, क्षणभर ऐकलं, आणि नाल्याच्या कडेकडेने घोळक्याला वळसा घालून पुढे चालू लागले.

भाटियांना ते दिसले. बोलणं न तोडता त्यांनी कागद धरलेला हात वर केला. आज साहेबांचा शेवटचा दिवस आहे हे भांडणाच्या नादात ते साफ विसरले होते. ओरडून म्हणाले, "रणपिसे साब! कल मिलते हैं!"

"हां जी," साहेब म्हणाले आणि मथुरा रोडकडे वळले.